डाग

पोलिसांच्या कागदावर: वय एकोणीस, अंदाजे.
अंदाज कशावरून?
हवालदार म्हणाले, मॅडम, मिसरूड बघा की.

बघितलं.
वरच्या ओठावर भट्टीची काजळी होती.
निरीक्षणगृहात तोंड धुतल्यावर
निम्मं मिसरूड मोरीत वाहून गेलं.

इंद्रजित सुतार, राहणार हुपरी.
एक रात्र मोठ्यांच्या कोठडीत.
कुणीतरी त्याच्या चपला ढापल्या,
त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.
म्हणणं एवढंच, की आईला फोन करू दिला नाही
आणि ती ताट झाकून बसली असणार.
वकील मिळतो, फुकट, हे मी सांगितलं
तर विचारतो, शेटला पण फुकटच मिळतोय काय?

मी स्कूटी काढली.
उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, पुढं नुसत्या उसाच्या ट्रॉल्या.
फॉर्मला ढीगभर रकाने.
बालकाच्या सवयी. बालकाचे मित्र. घरातील वातावरण.
आक्काताईंनी घरातली एकुलती खुर्ची मला दिली
आणि स्वतः उंबऱ्यात बसून
घुंगरांना डाग देत राहिल्या.
शेकड्यावर मजुरी, हात थांबवून चालत नाही.
ते कुठल्या रकान्यात बसेना.

जन्म कधीचा?
"बिरदेवाच्या यात्रेतला. भंडाऱ्याच्या दिवशी.
ह्याचा बाप नखशिखांत पिवळा होऊन बघायला आला,
नर्सबाईनं आत घेतलं नाही.
धाकटी नणंद नांदायला गेली, ते साल."
शाळेच्या दाखल्यावर मात्र एक जून.
त्या वर्गातली एकतीस पोरं एक जूनची,
गुरुजींनी एका दमात सगळ्यांना जन्माला घातलेलं.
यात्रेनं मोजलं, गुरुजींनी मोजलं,
नणंदेच्या थोरल्या पोरीवरनं मोजलं.
सोळा काही पुरी होईनात.

चोरी केलीस?
"केली." मान खाली.
"सतरा घुंगरं. तीन महिन्यांची मजुरी थटवली शेटनं."
मग, बऱ्याच वेळानं,
"अठरा. एक हरवलं."

मंगळवारी मंडळापुढं.
खाकी चालत नाही म्हणून हवालदार चौकटीच्या शर्टात,
पण पंजा सवयीनं पोराच्या मनगटावर.
मॅजिस्ट्रेट बाई फाईलमधनं वर न बघता म्हणाल्या,
हात सोडा.
सोडला.
मनगट जरा वेळ तसंच हवेत राहिलं,
सुटलोय हे त्याला कळलं नव्हतं.

सरकारी वकील म्हणाले, आरोपी...
बाई म्हणाल्या, नाही.
कायद्यातला शब्द वाचून दाखवला सगळ्यांसमोर:
विधिसंघर्षग्रस्त बालक.
इंद्रजितनं ओठातल्या ओठात म्हणून बघितला,
मधेच अडकला,
आणि आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.
मला वाटलं, असू दे, बापाच्या सदऱ्यासारखा आहे,
बाह्या दुमडून घालेल.
थंडीला तेवढंच.

परत आल्यावर ओसरीत मी त्याला समजावत होते,
हे कागद पुढं नष्ट करतात, बाळा.
नोकरीला, कशाला आड येत नाहीत.
तुझ्यावर डाग राहत नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं,
शिकलेल्या येड्याकडं बघतात तसं.
"डाग नसला तर घुंगरू सुटतंय की पैंजणातनं."
आणि हवेतच दाखवायला लागला,
चिमट्यात कडी कशी धरायची,
फुंकणीत दम किती,
आग नेमकी कुठं, किती थोडी.
"जरा जास्त झाली, की चांदीच जाती."

अहवालाचा शेवटचा रकाना, अधिकाऱ्याचे मत,
अजून कोरा होता.
मी पेनचं टोपण काढलं.
म्हणाले, परत सांग.
हळू सांग जरा.